‘छान दिसतंय’च्या पुढे: नव्या ग्राफिक डिझायनरने आपलं काम कसं समजावून सांगावं

ग्राफिक डिझायनरचं बरंचसं ज्ञान डोळ्यात असतं. अक्षर किंचित खाली बसलंय, पिवळा हिरव्याकडे झुकलाय, सगळा भार उजवीकडे गेलाय, हे त्याला बघताक्षणी कळतं. पंचाईत होते ती पुढे. हेच क्लायंटला, प्रेसवाल्याला किंवा वेबसाइट बांधणाऱ्याला सांगायची वेळ आली की तोंडातून ‘बघा ना, बरं नाही वाटत’ एवढंच निघतं. त्यावर क्लायंट म्हणतो, ‘मला तर बरं वाटतंय’, आणि विषय तिथेच संपतो.

यावरचा उपाय साधा आहे, पण सवय लावून घ्यावी लागते. समोरचा माणूस ज्या मापात विचार करतो त्या मापात बोला. दुकानदार गिऱ्हाइकात आणि खर्चात मोजतो, प्रेसवाला मिलिमीटर, जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि शाईच्या टक्क्यांत, डेव्हलपर पिक्सेलमध्ये. तुमचा निर्णय एकच असतो, तो प्रत्येकाला वेगळ्या मापात सांगायचा असतो.

मुंबईत हे जास्त जाणवतं, कारण इथे एकाच कामावर तीन वेगवेगळ्या घराण्यांतली माणसं भेटतात. सर ज. जी. उपयोजित कला संस्था १९६१ साली स्वतंत्र झाली. त्या वाटेने आलेल्या, जाहिरात एजन्सीत मुरलेल्या लोकांची बोली कॅम्पेन, हेडलाइन, लेआउट अशी असते. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन केंद्रातून आलेला माणूस आधी वापरणाऱ्याबद्दल विचारतो. आणि लोअर परळ, वडाळा, अंधेरीच्या गाळ्यांत कोरल ड्रॉवर वर्षानुवर्षं बसलेला ऑपरेटर फक्त विचारतो, ‘कर्व्ह केलंय का?’, म्हणजे फॉन्ट नसला तरी चालावं म्हणून अक्षरांच्या आकृत्या करून ठेवल्यात का. तिघांचंही बरोबर असतं. नव्या माणसाला तिन्ही बोली कामापुरत्या यायला हव्यात.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. दादरला फराळाचं दुकान आहे, त्यांना दिवाळीसाठी एक किलोचा बॉक्स, आत टाकायला ए-४ आकाराचं दरपत्रक, दुकानाची नवी पाटी आणि इन्स्टाग्रामसाठी पोस्ट हवी आहे.

१. ब्रीफ ऐका आणि लिहून परत पाठवा

ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवं त्याचं वर्णन, बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर येतो, तोही व्हॉइस नोटमध्ये. ‘जरा प्रीमियम पाहिजे, पण आपलं पारंपरिक वाटलं पाहिजे, आणि लवकर.’ यावर लगेच कॉम्प्युटर उघडून बसू नका. आधी एका पानात ब्रीफ लिहून त्यांना परत पाठवा. काय बनवायचं आणि कोणत्या मापाचं, ते कुठे आणि किती लांबून दिसणार, विकत घेणारा कोण, त्याने बघून काय करावं, मजकूर कोण देणार आणि कोणत्या तारखेला, भाषा किती, नग किती, शेवटचा होकार कोणाचा, एवढं त्यात आलं पाहिजे.

शेवटचे दोन मुद्दे नवीन माणूस हमखास विसरतो. नग किती यावर छपाईची पद्धत ठरते. दोन-तीनशे नग असतील तर डिजिटल परवडतं. पाच हजार असतील तर ऑफसेट, कारण प्लेटचा आणि मशीन लावताना वाया जाणाऱ्या कागदाचा खर्च तेवढ्या नगांवर वाटला जातो. आणि होकार कोणाचा हे न विचारल्यास काय होतं, ते घरच्या धंद्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. मुलगा सगळं मंजूर करतो, छपाईच्या आदल्या दिवशी काका दुकानात येतात आणि म्हणतात, ‘हा रंग आपल्या दुकानाचा नाही.’ काकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा.

तारखेचं गणित उलटं मांडा. छपाई, लॅमिनेशन, डाय पंचिंग (साच्याने बॉक्सचा आकार कापणं), पेस्टिंग हे सगळं मिळून सणाच्या आधीच्या गर्दीत दहा-बारा दिवस धरावेत. त्यामागे प्रूफचे दोन दिवस, त्यामागे करेक्शनचे. मजकूर अमुक तारखेपर्यंत आला नाही तर बॉक्सही तितकाच मागे जाईल, हे वाक्य ब्रीफमध्येच असू द्या. पुढे वाद होत नाही.

आता ‘प्रीमियम’चं काय करायचं? विशेषणावर चर्चा करत बसलात तर तासभर जाईल आणि हाती काही लागणार नाही. बाजारातले पाच-सहा बॉक्स आणून टेबलावर ठेवा, मिठाईचे, सुक्यामेव्याचे, एखादा साबणाचासुद्धा. ‘यातला कुठला तुमच्या दुकानात शोभेल, आणि कुठला अजिबात नाही?’ क्लायंट हात लावून उचलतो, झाकण उघडतो, अंगठा फिरवतो. तो ज्याला प्रीमियम म्हणत होता तो रंग नव्हता, मॅट लॅमिनेशनचा स्पर्श आणि जाड बोर्ड होता, हे तिथे कळतं. ‘अजिबात नाही’चं उत्तर जास्त कामाचं, ते लिहून ठेवा.

२. प्रत्येक निर्णयाला एक वाक्य

रेखाटनं करताना शेजारी वही उघडी ठेवा. एखादी गोष्ट पक्की केली की तिचं एक वाक्य लिहा: काय केलं, कोणासाठी, का, आणि त्यासाठी काय सोडलं. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. काय सोडलं हे सांगता आलं की ऐकणाऱ्याला पटतं की या माणसाने दुसरी बाजू पाहिली आहे.

कच्चं वाक्य: ‘पिवळ्यावर काळं टाकलं, छान उठून दिसतंय.’

पक्कं वाक्य: ‘बॉक्स काउंटरमागच्या फळीवर राहणार, गिऱ्हाईक सहा-सात फुटांवर उभं असणार. तिथून नाव वाचता यावं म्हणून पिवळ्यावर काळं ठेवलं. सोनेरी फॉइल नावावर घेतलं नाही, कारण ट्यूबलाइटखाली ते चमकतं आणि काही कोनांतून अक्षर पुसट होतं. फॉइल फक्त खालच्या नक्षीला आहे.’

दुसऱ्या वाक्यात ‘छान’ कुठेच नाही. अंतर आहे, उजेड आहे, कारण आहे. क्लायंटला हरकत घ्यायची तर तो आता मुद्द्यावर घेईल: ‘आमच्याकडे ट्यूबलाइट नाही, पिवळे दिवे आहेत.’ ही हरकत उपयोगाची आहे. तिच्यामुळे निर्णय बदलूही शकतो.

सुरुवातीला अशी वाक्यं सुचत नाहीत. मग उलट्या बाजूने जा. केलेला निर्णय मुद्दाम बिघडवून बघा: नाव अर्धं करा, रंग उलटे करा, नक्षी काढून टाका. जिथे बिघडतं तिथे कारण सापडतं. एखादी गोष्ट काढूनही काहीच बिघडलं नाही, तर ती कशाला ठेवली होती हा प्रश्न स्वतःलाच विचारा.

सगळ्याच निर्णयांना कारण चिकटवायच्या फंदात मात्र पडू नका. ‘केशरी म्हणजे उत्साह, वर्तुळ म्हणजे एकता’ छापाची स्पष्टीकरणं ऐकणाऱ्यालाही पोकळ वाटतात. दोन केशरी छटांपैकी ही निवडली कारण ती डोळ्याला बरी वाटली, असं असेल तर तसंच सांगावं.

३. देवनागरीचं वेगळं सांगावं लागतं

कोर्समध्ये टायपोग्राफी बरीचशी रोमन लिपीवर शिकवली जाते आणि मराठी काम आलं की तेच नियम लावले जातात. तिथे गाडी अडते. आणि चूक झाली हे क्लायंटला दिसतं, पण काय चुकलं हे त्याला सांगता येत नाही. ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पहिली गोष्ट, सॉफ्टवेअर. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला नसेल, किंवा जुन्या फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलेला नसेल, तर ‘किंमत’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक पर्याय चालू करावा लागतो. हे एकदा नीट लावून टेम्प्लेट करून ठेवा.

दुसरी, फॉन्टची परीक्षा. दुकानाचं नाव टाइप करून फॉन्ट निवडू नका. ही ओळ टाका: महाराष्ट्र, वैशिष्ट्य, दुसऱ्या, उत्कृष्ट, मूर्ती, शुद्ध, किंमत, ॲल्युमिनियम, ऑर्डर. ‘ऱ्या’तला अर्धा र नीट येतो का, ‘ष्ट्य’ गच्च होतं का, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत का, रफार आणि वेलांटी एकमेकांवर चढतात का, हे एका ओळीत दिसतं. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावरच आपलं रूप येतं. वेबपेजलाही भाषा मराठी असल्याची नोंद लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामाला चालतात. नव्या माणसाने तिथून सुरुवात करायला हरकत नाही. चोरीचे फॉन्ट वापरू नका. बॉक्स पाच हजार छापून झाल्यावर परवान्याचा प्रश्न निघाला तर तो क्लायंटच्या गळ्यात पडतो.

तिसरी, जागा. इंग्रजी मजकूर ९ पॉइंटला ११च्या लीडिंगवर, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतच्या ११ पॉइंट अंतरावर, बसतो. मराठीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे त्याच ९ पॉइंटला १३-१४ द्यावं लागतं. शिवाय एकाच पॉइंट साइझला बऱ्याच जोड्यांत देवनागरी लहान दिसते, तेव्हा आकडे जुळवू नका, डोळ्याने जुळवा. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नका. इंग्रजी कॅपिटलमध्ये ते ऐटबाज दिसतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. तिरप्या अक्षरांची परंपराही आपल्याकडे नाही. जोर द्यायचा तर वजन बदला किंवा रंग.

हे क्लायंटला असं सांगता येतं: ‘तुमचा इंग्रजी मजकूर दहा ओळींत बसतो, तोच मराठीत त्याच जागेत आठ ओळींचाच बसेल. एक तर पदार्थांची वर्णनं छाटू, नाहीतर पत्रक दोन पानी करू.’ लीडिंग हा शब्द उच्चारायची गरज पडत नाही.

मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आला असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतात, बदलून घ्यावा लागतो. बदलल्यावर रफार, अर्धा र, अनुस्वार आणि चंद्र यांच्या जागा शब्दाशब्दाने तपासा. कन्व्हर्टर नेमका तिथेच गडबडतो.

४. दाखवताना

नुसतं जेपीजी व्हॉट्सॲपवर टाकून ‘कसं वाटलं?’ असं विचारणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. व्हॉट्सॲप चित्र दाबतं, फोनच्या पडद्यावर बॉक्स अंगठ्याएवढा दिसतो, आणि ‘कसं वाटलं’ला उत्तर ‘ठीक आहे, अजून एक-दोन दाखव’ असंच येतं.

शक्य असेल तर समोर बसून दाखवा. बॉक्स खऱ्या मापात छापा, कापा, घडी घाला, दुकानातल्या फळीवर ठेवा आणि काउंटरच्या अलीकडून बघायला सांगा. बोलताना क्रम असा ठेवा: आधी ब्रीफमधलं एक वाक्य पुन्हा वाचून दाखवा, मग काम, मग निर्णयांची तीन-चार वाक्यं. सगळे बारकावे सांगू नका. विचारलं तर सांगा. पर्याय दोन पुरेत, फार तर तीन, आणि ते खरोखर वेगळे हवेत. एक दुकानाचं नाव पुढे ठेवणारा, दुसरा पदार्थांची चित्रं पुढे ठेवणारा. एकाच रचनेचे पाच रंग हे पर्याय नव्हेत. स्वतःला न पटणारा पर्याय संख्या भरायला ठेवलात तर तोच निवडला जातो, ही या धंद्यातली जुनी रड आहे.

लांबून पाठवायचंच असेल तर पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सोबत चार ओळी लिहा, आणि प्रश्न नेमका विचारा: ‘नाव आणि वजन दोन्ही नीट वाचता येतंय का? पदार्थांचा क्रम तुमच्या विक्रीप्रमाणे आहे का?’

५. करेक्शन म्हणजे तक्रारीचं भाषांतर

क्लायंट अडचण सांगत नाही, थेट उपाय सांगतो. ‘लोगो मोठा करा’ हा उपाय झाला. अडचण बहुधा अशी असते की लांबून दुकान कोणाचं ते कळत नाही. लोगोभोवतीची गर्दी काढली तरी तो मोठा वाटतो. ‘भरल्यासारखं वाटत नाही’ म्हणजे कधी रिकामी जागा एकाच कोपऱ्यात साठलेली असते, तर कधी त्यांना दिलेल्या पैशाचं काम दिसत नसतं. ‘रंग फिका आहे’ असं आलं तर आधी विचारा, कुठल्या फोनवर पाहिलं आणि ब्राइटनेस किती होता.

विचारण्याची रीत: ‘काय बदलू?’ ऐवजी ‘काय अडतंय?’ विचारा. मग अडचण आपल्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे चकली आणि कडबोळी यांतला फरक चित्रात कळत नाही, बरोबर?’ त्यांनी हो म्हटलं की उपाय तुमच्या हातात आला. त्यांनी सांगितलेला उपाय आणि तुमचा उपाय दोन्ही शेजारी शेजारी करून दाखवले तर वाद मिनिटभरात मिटतो. कधी त्यांचाच बरा निघतो. मान्य करावं.

करेक्शनच्या फेऱ्या किती, हे कामाच्या पत्रातच लिहा. दोन फेऱ्या शुल्कात, पुढे वेगळे पैसे, ही रीत बरी. सगळ्यांच्या सूचना एकाच माणसाने गोळा करून एकाच मेलमध्ये द्यायच्या. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी लिहून पाठवा: ‘आज ठरल्याप्रमाणे चिवड्याचं नाव वर, शेवेचं खाली.’

फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशी नावं देऊ नका. क्लायंट, काम, माप, तारीख, आवृत्ती या क्रमाने नाव द्या. मंजूर झालेल्या आवृत्तीचा वेगळा फोल्डर ठेवा आणि त्यात एकच फाइल असू द्या.

६. प्रेसवाल्याशी बोलणं

इथे विशेषणं अजिबात चालत नाहीत. आणि खरं तर सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं, म्हणून आर्टवर्क सुरू करण्याआधी प्रेसमध्ये एक चक्कर मारा. मशीनवरच्या दादांना विचारा, ‘दादा, तुमच्याकडे कुठला शीट साइझ चालतो? ग्रिपर किती सोडू?’ ग्रिपर म्हणजे मशीन कागद जिथे पकडतं ती पट्टी, साधारण १० ते १२ मिमी. तिथे छपाई येत नाही.

कागदाचा आकार आधी का विचारायचा, ते दरपत्रकाच्या उदाहरणात बघा. २३ × ३६ इंचाच्या शीटमधून आठ तुकडे काढले तर एक तुकडा ११.५ × ९ इंचांचा निघतो. ए-४ची लांबी २९७ मिमी, आणि ११.५ इंच म्हणजे २९२ मिमी. पाच मिलिमीटरने हुकतं. मग एक तर २५ × ३६चं शीट घ्यायचं, ज्यात आठ ए-४ ब्लीडसकट (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेल्या छपाईसकट) बसतात, नाहीतर पत्रक ११ × ८.५ इंचांचं करायचं. हे आधी कळलं तर क्लायंटला आधीच विचारता येतं: ‘पत्रक लांबीत १८ मिमीने आखूड केलं तर नेहमीच्या शीटमध्ये बसेल, चालेल का?’ आर्टवर्क झाल्यावर कळलं तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

प्रेसला फाइलसोबत एक चिठ्ठी जाते. फराळाच्या बॉक्सची चिठ्ठी साधारण अशी (डाय लाइन म्हणजे कापायच्या-दुमडायच्या रेषांचा आराखडा, क्रीज म्हणजे घडीची रेषा, स्पॉट रंग म्हणजे नेहमीच्या चार शायांबाहेरचा वेगळा रंग, ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग न कापता त्यावर छापणं):

‘काम: फराळ बॉक्स, एक किलो. नग: ५०००. उघड्या आकाराची डाय लाइन वेगळ्या लेयरवर, स्पॉट रंगात, ओव्हरप्रिंट लावून दिली आहे, ती छापायची नाही. बोर्ड: ३५० जीएसएम, नमुना सोबत जोडला आहे. छपाई: फोर कलर, एका बाजूने. बाहेरून मॅट लॅमिनेशन. फॉइल: सोनेरी, फक्त ‘फॉइल’ लेयरवरच्या नक्षीला. ब्लीड: ३ मिमी. क्रीजपासून मजकूर ५ मिमी आत. चिकटवायच्या पट्टीवर छपाई आणि लॅमिनेशन नको. फाइल: पीडीएफ/एक्स-४, फॉन्ट कर्व्ह केलेले. आमच्या होकाराशिवाय प्लेट काढू नये.’

या चिठ्ठीतली प्रत्येक ओळ एकेका फजितीतून आली आहे. चिकटवायच्या पट्टीवर लॅमिनेशन राहिलं की गोंद धरत नाही आणि बॉक्स भरल्यावर उघडतो. डाय लाइन छापायच्या रंगात राहिली तर तिची काळी रेघ पाच हजार बॉक्सवर दिसते. मजकूर क्रीजला चिकटून असला तर पंचिंग मिलिमीटरभर सरकताच तो कडेवर वळतो. ब्लीड नसेल तर कापल्यावर पांढरी दोरी राहते.

रंगांचंही असंच. छपाईच्या चार शाया म्हणजे सी (सायन, निळसर), एम (मॅजेंटा, गुलाबी), वाय (पिवळा) आणि के (काळा). बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के, आणि ओव्हरप्रिंट. चार रंगांतून काळा बनवला तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र नुसता के राखाडी वाटतो. तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असा मिश्र काळा चालतो. स्वॅच पॅनेलमधला ‘रजिस्ट्रेशन’ काळा चुकूनही भरू नका, त्यात चारही शाया शंभर टक्के असतात आणि ओला कागद एकमेकांना चिकटतो. निळ्यात सी १०० असेल तर एम ७०च्या वर नेऊ नका, जांभळा होतो. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि भडक भगवा चार शायांत येतच नाहीत. क्लायंटला हे मंजुरीच्या आधी छापील रंगपट्टीवर दाखवा, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी देवनागरी अक्षरं ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका, आणि लाइट वजन तर टाळाच. शाई चारी बाजूंनी आत सरकते आणि ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘ण्य’ यांची पोटं बुजतात.

खाद्यपदार्थाच्या बॉक्सवर काही गोष्टी सौंदर्याच्या कक्षेत येत नाहीत. शाकाहाराचं हिरवं चिन्ह दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरतं: १०० ते ५०० चौरस सेंटिमीटरला गोलाचा व्यास किमान ४ मिमी, ५०० ते २५००ला ६ मिमी, आणि चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. आपल्या बॉक्सचं झाकण २५ × १८ सेंमी धरलं तर ४५० चौसेंमी, म्हणजे ४ मिमी. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो, मोजून घ्या. बारकोड मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली नको, म्हणजे साधारण ३० × २१ मिमी. त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा नक्षीने भरू नका आणि लाल पट्ट्या छापू नका. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या दिसतच नाहीत. क्लायंट म्हणेल, ‘हा बारकोड जरा कोपऱ्यात लहान करा ना.’ तेव्हा ‘नियम आहे’ म्हणण्यापेक्षा ‘मॉलच्या काउंटरवर वाचला गेला नाही तर माल परत येईल’ हे सांगा.

७. पाटी आणि पडदा

पाटीसाठी ढोबळ नियम: दहा फुटांना एक इंच अक्षर. समोरच्या फुटपाथवरून, तीस फुटांवरून वाचायचं असेल तर निदान तीन इंच. मराठीत हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरा, मात्रा-वेलांट्या सोडून. पाटी बनवणाऱ्याला मापं इंचांत आणि फुटांत द्या, मिमी सांगितलंत तर तो मनातल्या मनात भागाकार करेल आणि चुकेल. २०२२च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजी लोगो मोठा आणि खाली मराठीची बारीक पट्टी अशी मांडणी क्लायंटने मागितली तर हे आधीच सांगा. पाटी पुन्हा करायचा खर्च त्याला लगेच समजतो.

पडद्यासाठी आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातून बनणारे रंग. इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० × १३५० पिक्सेल. मजकूर आणि पार्श्वभूमीतलं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर किमान ४.५ : १ ठेवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतं. ते मोजणारी साधनं फुकट मिळतात. ‘फिकट वाटतंय’पेक्षा ‘२.८ आहे, ४.५ हवं’ हे डेव्हलपरला चटकन कळतं. त्याला रंग हेक्स कोडमध्ये (# ने सुरू होणाऱ्या सहा आकड्या-अक्षरांच्या रंगक्रमांकात) द्या, अंतरं ४ किंवा ८च्या पटीत द्या, आणि बटण दाबलेलं, न दाबलेलं, बंद असलेलं अशा तिन्ही अवस्था दाखवा.

८. प्रूफ, सही, आणि नंतर

प्रूफ दोघांनी मिळून वाचायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवायचं. फोन नंबर, किंमत, वजन आणि परवाना क्रमांक एकेक आकडा सुटा वाचायचा. मोठ्या शीर्षकातली चूक सगळ्यात शेवटी सापडते, कारण ते कुणी वाचतच नाही, तेव्हा ते मुद्दाम वाचा. ऱ्हस्व-दीर्घ जाणकाराकडून तपासून घ्या. दुकानाच्या नावात ‘मिठाई’ची ‘मीठाई’ झाली तर लोक रंगाबद्दल बोलणार नाहीत.

रंगाचं प्रूफ शक्यतो खऱ्या बोर्डावर काढा. मॅट लॅमिनेशन रंग थोडा मवाळ करतं, म्हणून एक तुकडा लॅमिनेट करून दिवसाच्या उजेडात आणि दुकानातल्या दिव्याखाली दोन्हीकडे पाहा. क्लायंटची सही तारखेसह प्रूफवरच घ्या, बाजूला लिहून: ‘मजकूर, किंमत आणि क्रमांक तपासले.’ कागदावर सही करताना माणूस पुन्हा एकदा वाचतो, आणि तिथेच एखादी चूक सापडते.

मशीन चालू असताना हजर राहता आलं तर राहा. पहिली काही शीटं रंग बसेपर्यंत वाया जातात, ती बघून घाबरू नका. रंग बसल्यावर सही केलेल्या प्रूफशेजारी शीट ठेवून बोला: ‘पिवळा जरा चढवा, लाल आहे तसा ठेवा.’ मशीनवर शाई कागद सरकतो त्या दिशेच्या पट्ट्यांनी कमीजास्त होते, म्हणून एका बॉक्सचा पिवळा चढवला की त्याच पट्टीतल्या मागच्यापुढच्या बॉक्सचाही चढतो. एका शीटवर दोन वेगळी कामं बसवताना हे लक्षात असू द्या.

माल गेल्यावर पाच बॉक्स स्वतःसाठी मागून घ्या. एका बॉक्सच्या आतल्या बाजूला पेनने लिहा: बोर्डाचं नाव आणि जीएसएम, लॅमिनेशन, प्रेस, नग, छपाईची तारीख, काय बिघडलं. उरलेल्यांतला एक खिडकीत उन्हाला ठेवा आणि दोन महिन्यांनी कपाटातल्याशी ताडून बघा, कुठली शाई उडते ते कळेल. पुढच्या क्लायंटने ‘प्रीमियम’ म्हटलं की टेबलावर मांडायला हेच बॉक्स लागतात.